पुढची रांग उभी राहते तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मूळचे कोल्हापूरचे एक वाचक नोकरीनिमित्त कुटुंबासह उत्तर इंग्लंडात राहतात. तिथल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट त्यांच्याकडे आहे. गोलच्या मागच्या स्टँडमधलं, 'खरं वातावरण तिथंच असतं' म्हणून मुद्दाम घेतलेलं. सध्या त्यांचे वडील काही महिन्यांसाठी आले आहेत. ते तरुणपणी पेठेच्या टीममधून खेळायचे. आता सत्तरीच्या जवळ आहेत आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. शेजारची सीट एका मॅचपुरती मिळाली म्हणून मोठ्या हौसेनं वाचक त्यांना घेऊन गेले. सुरुवातीची शिट्टी झाली आणि पुढच्या सगळ्या रांगा उठून उभ्या राहिल्या, त्या काही बसल्याच नाहीत. वडील थोडा वेळ उभे राहिले, मग बसले आणि समोरच्यांच्या जॅकेटच्या पाठी बघत राहिले. गोल झाला तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, "कुणी मारला?"

वाचकांनी पुढच्या तरुणाला बसायला सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या पुढचे उभे आहेत, मी बसून काय बघू?" स्टुअर्डला, म्हणजे स्टँडमधली व्यवस्था बघणाऱ्या क्लबच्या माणसाला, बोलावलं. त्यानं हातानं 'बसा' अशी खूण केली, दोन रांगा बसल्या आणि पुढच्याच कॉर्नरला परत उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी शिवी हासडली.

वाचक विचारतात: "तिकिटावर सीट नंबर छापलेला आहे. म्हणजे बसून मॅच बघायचा हक्क मी पैसे मोजून घेतला आहे ना? नियम माझ्या बाजूनं असताना मीच का ओशाळायचं? आम्ही बाहेरचे दिसतो म्हणून आमचं कुणी ऐकलं नाही का? क्लबकडे रीतसर तक्रार करू, की सीझन तिकीटच सोडून देऊ? बायको म्हणते विषय वाढवू नका. वडील म्हणतात, राहू दे, टीव्हीवर बघू."

उत्तर

सगळ्यात आधी, विषय सोडू नका. तुमच्या वडिलांनी पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळलाय, त्या खेळासाठी ते इतक्या लांबच्या मैदानात येऊन बसले आणि गोल कुणी मारला हे त्यांना विचारावं लागलं. ही तक्रार किरकोळ नाही. 'राहू दे' हे त्यांचं मत म्हणून धरू नका. आपल्यामुळे मुलाला त्रास नको म्हणून आपल्याकडची वडीलधारी माणसं असंच म्हणतात.

पण तुमच्या पत्रात आरोपीच्या पिंजऱ्यात जो तरुण उभा आहे, त्याच्याबद्दल मला जरा वेगळं वाटतं. त्याचं उत्तर तुम्हाला उर्मट वाटलं. ते हिशेबाला मात्र बरोबर होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे पायरीपासून साधारण 120 सेंटीमीटरवर असतात. उभ्या माणसाचे 160 च्या आसपास, आणि त्याचं डोकं आणखी वर. गोलमागच्या स्टँडमध्ये, विशेषतः खालच्या भागात, एका रांगेपेक्षा पुढची रांग या फरकाइतकी खाली नसते. म्हणजे तिसऱ्या रांगेतला एक जण उभा राहिला की त्याच्या मागच्याला उभं राहावंच लागतं, मग त्याच्या मागच्याला, असं करत ते पार छतापर्यंत जातं. इंग्लंडातले बरेच गोलमागचे स्टँड मूळचे उभं राहण्याच्या उतरत्या पायऱ्यांचे. काहींवर नंतर खुर्च्या ठोकल्या, काही पाडून नव्यानं बांधले. जिथं जुना उतार तसाच राहिला, तिथं हा त्रास जास्त. तुमच्या पुढच्या मुलानं तुमचं ऐकून बसायचं ठरवलं असतं, तर तुमच्या वडिलांना त्याच्या पुढच्याची पाठ दिसली असती आणि त्यालाही काही दिसलं नसतं. हा गुंता एका माणसाला सांगून सुटण्यातला नाही. तुम्ही तिथं भांडत बसलात तर नव्वद मिनिटं जातील आणि हाती काही लागणार नाही.

मग ही माणसं उभीच का राहतात, पैसे भरून घेतलेली खुर्ची रिकामी ठेवून? याचं उत्तर जुनं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय तुमच्या तक्रारीला धार येणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इंग्लंडात पिढ्यान् पिढ्या गोलच्या मागं उभं राहूनच मॅच बघितली गेली. तिकीट स्वस्त, गिरणी-गोदीतून सुटलेला माणूस थेट तिथं. जागा ठरलेली नसायची, त्यामुळे मित्र मित्रांजवळ, गाणारे गाणाऱ्यांजवळ आपोआप गोळा व्हायचे. मग 15 एप्रिल 1989 आला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची एफए कप या इंग्लंडातल्या स्पर्धेची सेमीफायनल होती. लेपिंग्ज लेनच्या बाजूला लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी फिरती दारं फारच थोडी होती, बाहेर गर्दी तुंबली. पोलिसांनी एक मोठं गेट उघडायला लावलं. त्या गेटमधून आत आलेली माणसं समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या कोंडवाड्यांत, म्हणजे जाळ्यांनी वेगळे केलेल्या उभं राहण्याच्या भागांत, शिरली. ते आधीच भरले होते. पुढं लोखंडी जाळी, बाजूला जाळी, मागून येणाऱ्यांना पुढं काय चाललंय याचा पत्ता नाही. बाजूचे भाग मोकळे होते, पण तिकडं वळवायला कुणी नव्हतं. मॅच सुरू झाली आणि सहा मिनिटांत थांबवावी लागली. 97 माणसं गेली. त्यातलं शेवटचं माणूस त्या दिवशीच्या इजांमुळेच 2021 साली गेलं.

त्या लोकांच्या घरच्यांना सत्तावीस वर्षं 'दारुडे प्रेक्षकच जबाबदार' हे ऐकावं लागलं. 2016 मध्ये ज्यूरीनं स्पष्ट सांगितलं की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात दोष नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण 'उभं राहण्यामुळे हिल्सबरो झालं' असं सहज बोललं जातं, आणि उद्या तुम्ही तक्रारीच्या भरात ते वाक्य एखाद्या लिव्हरपूलच्या माणसासमोर बोलून बसाल. ते बोलू नका. माणसं मेली ती गर्दीचं नियंत्रण सुटल्यामुळे आणि जाळ्यांच्या आत कोंडल्यामुळे. त्याआधी चारच वर्षं, 11 मे 1985 ला, ब्रॅडफर्डच्या मैदानाला आग लागून 56 जण गेले, आणि ती आग लागली होती लाकडी बैठकीच्या स्टँडला. निव्वळ खुर्ची दिली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असं नाही.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशी केली. अंतिम अहवाल जानेवारी 1990 मध्ये आला आणि त्यात मोठ्या मैदानांवर सगळ्यांसाठी खुर्च्या असाव्यात अशी शिफारस होती. ऑगस्ट 1994 पर्यंत वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना ते करायचं होतं. लिव्हरपूलच्या प्रसिद्ध कॉप स्टँडमध्ये 30 एप्रिल 1994 ला नॉर्विचविरुद्धची मॅच लोकांनी शेवटची उभं राहून बघितली, मग तो पाडला गेला आणि जागेवर खुर्च्यांचा नवा कॉप आला. मैदानं सुधारली, बायका-मुलं जास्त संख्येनं येऊ लागली, हे निखळ चांगलं झालं. तिकिटंही महागली. पण गोलमागच्या माणसाची उभं राहून गायची सवय काही खुर्चीनं मोडली नाही. तो खुर्चीपुढंच उभा राहायला लागला. तुमच्या वडिलांच्या समोर जी पाठ होती, ती त्या सवयीची आहे. त्या मुलाचे आजोबाही कदाचित तिथंच उभे असतील.

आता तुमच्या 'नियम माझ्या बाजूनं आहे' या वाक्याकडे येऊ. आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही.

1989 च्या फुटबॉल स्पेक्टेटर्स ॲक्टखाली जी अट आहे ती क्लबवर आहे: खुर्च्या द्या आणि परवाना सांभाळा. प्रेक्षक उभा राहिला तर तो गुन्हा होत नाही. 1991 च्या फुटबॉल ऑफेन्सेस ॲक्टमध्ये वस्तू फेकणं, वांशिक किंवा अश्लील घोषणा आणि परवानगीशिवाय मैदानात घुसणं हे गुन्हे आहेत, उभं राहणं त्यात नाही. तिकीट घेताना जे मैदानाचे नियम आपण न वाचता मान्य करतो, त्यात मात्र खेळ चालू असताना बसायच्या भागात सतत उभं राहू नये असं असतं. तो मोडला तर क्लब बाहेर काढू शकतो, तिकीट काढून घेऊ शकतो. मैदानाला सुरक्षेचा दाखला देणारी स्थानिक कौन्सिल त्या स्टँडची क्षमता कमी करू शकते. हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात एका ब्लॉकमध्ये मोजके स्टुअर्ड आणि समोर काही हजार उभी माणसं. त्यातल्या एकाला दंडाला धरून बाहेर काढलं तर बाकीचे खवळतात आणि उभं राहण्यापेक्षा मोठा धोका तयार होतो, हे स्टुअर्डला चांगलं कळतं. त्यानं हातानं खूण केली आणि गेला, कारण त्याच्या हातात तेवढंच होतं. त्याचा राग धरू नका.

धोका मात्र खरा आहे, आणि तो तुमच्या बाजूनं बोलतो. साध्या खुर्चीची पाठ मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास येते. गोल झाला, मागून रेटा आला, की गुडघा त्या पाठीला अडकतो आणि माणूस पुढच्या रांगेवर तोंडावर पडतो. तो ज्याच्यावर पडतो तो आणखी पुढच्यावर. ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन तुमचे वडील तिथं उभे होते. मॅच दिसली नाही याच्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटली. पुढच्या वेळी 'थोडा वेळ उभे राहा ना, बाबा' असं त्या जागेवर त्यांना म्हणू नका.

याच धोक्यावर उत्तर म्हणून रेल सीट आली. प्रत्येक रांगेच्या मागं कंबरेइतका उंच लोखंडी कठडा आणि त्यातच घडीची खुर्ची. बसायचं तर बसा, उभं राहायचं तर कठड्याला धरून उभे राहा, मागून कितीही रेटा आला तरी माणूस पुढच्या रांगेवर पडत नाही. जर्मनीत असं उभं राहणं कधी बंदच झालं नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये लीगच्या मॅचला जवळपास 25,000 माणसं उभी असतात. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबनं 2016 मध्ये रेल सीट बसवल्या. इंग्लंडच्या वरच्या विभागात 2 जानेवारी 2022 ला चेल्सी–लिव्हरपूल मॅचला पहिल्यांदा परवान्यानं उभं राहू दिलं, आणि त्या उन्हाळ्यापासून प्रीमियर लीग व त्याखालच्या चॅम्पियनशिप विभागाच्या क्लबांना अशी परवानगी मागता येऊ लागली. अट अशी की एका माणसाला एकच जागा, तिकिटावरचीच. पूर्वीसारखं एका खुर्चीच्या जागेत दोघं घुसवायचे नाहीत. खुद्द लिव्हरपूलनं आपल्या ॲनफील्ड मैदानावर रेल सीट बसवल्या, तिथल्या प्रेक्षकांनी आधी आपसांत दीर्घ चर्चा आणि मतदान करून. हिल्सबरोत माणूस गमावलेल्या घरांमध्ये यावर दोन मतं होती आणि आहेत. दोन्ही मतांपुढे आपण नम्रच असावं.

मी स्वतः या परवान्याच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण तुमचे वडील आहेत. ज्याला उभं राहायचंय त्याला हक्काची जागा मिळाली, तरच 'इतर सगळीकडे बसायचं' हा नियम क्लबला ठामपणे राबवता येतो. सगळ्यांना एकाच प्रकारच्या खुर्चीत कोंबून 'बसा' म्हणत राहिलं, की शेवटी ज्याला उभं राहताच येत नाही त्याचीच मॅच जाते. जो उभा राहू शकतो त्याच्यापुढं निवड आहे. तुमच्या वडिलांपुढं नाही. म्हणून तडजोड करायची वेळ आली तर ती आधी उभ्या राहणाऱ्यानं करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती त्या मुलाकडून रांगेत मागून मिळणार नाही. क्लबकडून जागेची आखणी करून मिळेल.

आता एक प्रश्न तुम्हालाच. गोलमागची सीट तुम्ही 'खरं वातावरण' हवं म्हणून घेतलीत. त्या वातावरणात उभं राहणं येतंच, गाणं येतं, शिव्याही येतात. एरवी एकटे जाता तेव्हा तुम्ही तिथं बसून असता का? तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नाही, आणि मला वाटतं तुम्हीही उभेच असाल. त्यात वावगं काही नाही. फक्त मग तुमच्या मागच्या रांगेत एखादा थकलेला माणूस आजवर बसला असेल, हे ध्यानात घ्या. आणि वडिलांना त्या जागी न्यायची हौस त्यांची होती की तुमची? त्यांना कदाचित चेंडू, पास, बचावफळीची हालचाल बघायची असेल. जुन्या खेळाडूला बहुतेक वेळा हाफलाइनजवळची, थोडी उंचावरची जागा आवडते, कारण तिथून सगळा खेळ उलगडतो. त्यांना विचारून बघा. छत्रपती शाहू स्टेडियममध्ये ते कुठं बसायचे, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असल्या मॅचला कुणाच्या बाजूनं ओरडायचे, तिथं पायऱ्यांवर लोक उठून उभे राहिले की काय व्हायचं, हेही विचारा. पेठापेठांच्या मॅचमध्ये सगळे मांडी घालून शांत बसायचे, असं काही ते सांगणार नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलमधला जोश कुणी समजावून सांगायला नको.

'आम्ही बाहेरचे दिसतो म्हणून?' हा प्रश्न मी बाजूला सारणार नाही. तुम्ही तिथं होता, मी नव्हते. इंग्लंडातल्या मैदानांवर वंशद्वेषी शेरेबाजी होते, हे खोटं नाही. पण तुमच्या पत्रात जे घडलं म्हणून लिहिलंय, त्यात त्या तरुणानं दिलेलं उत्तर त्यानं त्याच्या सख्ख्या काकालाही दिलं असतं. न बसण्यामागं तुमचा रंग होता असं मला त्यातून दिसत नाही. शिवीचं वेगळं. त्या शिवीत तुमच्या रंगाचा, देशाचा, धर्माचा उल्लेख होता का? असेल तर बसण्या-उठण्याच्या तक्रारीत ती मिसळू नका. ती स्वतंत्र आणि कितीतरी गंभीर तक्रार आहे. मॅच चालू असतानाच स्टुअर्डला सांगा, बहुतेक मैदानांवर तक्रारीसाठी मेसेज करायचा नंबर लावलेला असतो त्यावर ब्लॉक, रांग आणि वेळ कळवा, आणि नंतर किक इट आउट या फुटबॉलमधल्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेकडेही नोंदवा. उल्लेख नसेल, नुसतीच शिवी असेल, तर ती गोलमागच्या स्टँडची रोजची भाषा समजून सोडून द्या.

आता करायचं काय. आधी क्लबच्या तिकीट ऑफिसला फोन करून एकच गोष्ट विचारा: माझा ब्लॉक परवान्याच्या उभ्या जागेत येतो का? येत असेल, तर तिथं 'बसा' म्हणायचा तुमचा आग्रह टिकणार नाही. तो ब्लॉक उभ्या राहणाऱ्यांचाच आहे आणि वडिलांसाठी दुसरी जागा शोधणं एवढाच मार्ग आहे. येत नसेल, तर तुमच्या तक्रारीला बळ आहे.

जागा शोधताना वेबसाइटवरच्या नकाशावर रंग बघून सीट घेऊ नका, माणसाशी बोला. मोठ्या क्लबांत अपंग प्रेक्षकांची सोय बघणारा एक जबाबदार माणूस असतो, त्याच्याशीच बोलणं जोडून मागा. व्हीलचेअर लागत नाही पण उभं राहता येत नाही, जिने फार चढता येत नाहीत, अशा प्रेक्षकांसाठीही वेगळ्या जागा राखलेल्या असतात. हे आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. 'अपंग' हा शब्द वडिलांना लावायला मन धजत नाही म्हणूनही विचारलं जात नाही. विचारा. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे अशा प्रेक्षकासाठी वाजवी सोय करणं क्लबवर बंधनकारक आहे. पुरावा म्हणून तिथल्या सरकारी भत्त्याचे कागद मागितले जातात, जे पाहुण्या माणसाकडे असणार नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिलेलं ऑपरेशनचं पत्र, इंग्रजीत, सोबत जोडा आणि हे चालेल का असं आधीच विचारून घ्या. प्रत्येक क्लबचा नियम वेगळा असतो.

ती सोय मिळाली नाही तरी चांगल्या जागा आहेत. स्टँडच्या वरच्या मजल्याची पहिली रांग उत्तम, कारण पुढं कुणी उभं राहायला जागाच नसते. फक्त पुढच्या कठड्याचा दांडा बसल्या उंचीला नेमका डोळ्यांसमोर येतो का, आणि तिथवर लिफ्ट आहे का, हे विचारा, नाहीतर गुडघ्याला पन्नास पायऱ्या घडतील. त्याखालोखाल बाजूच्या स्टँडचा मधला भाग. तिथं लोक गोलला उठतात आणि बसतात. फॅमिली स्टँडमध्ये बसण्याचा नियम सगळ्यात काटेकोरपणे पाळला जातो, पण बरेच क्लब तिथं लहान मूल सोबत असल्याशिवाय तिकीट देत नाहीत. सीट मिळाली की रांगेच्या टोकाची मागा. ऑपरेशन झालेला पाय अधूनमधून लांब करता यायला हवा, आणि मधल्या सीटवर हाफटाइमला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी प्रत्येक वेळी उठावं लागतं.

अवे मॅचला, म्हणजे दुसऱ्या क्लबच्या मैदानावर पाहुण्या प्रेक्षकांच्या भागात, वडिलांना साध्या तिकिटावर अजिबात नेऊ नका. तिथं पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत जवळपास सगळे उभे असतात आणि कुणाला बसा म्हणणं व्यर्थ आहे. जायचंच असेल तर पाहुण्या प्रेक्षकांसाठीच्या राखीव सोयीच्या जागा तुमच्याच क्लबकडून मागाव्या लागतात.

आणि मनापासून सुचवते, एका शनिवारी जवळच्या खालच्या लीगमधल्या, हौशी-अर्धव्यावसायिक क्लबच्या मॅचला त्यांना घेऊन जा. तिकीट मोठ्या क्लबच्या मानानं अगदी थोडं. एका बाजूला छोटा बैठकीचा स्टँड, बाकी मैदानाभोवती कठडा. हवं तेव्हा बसा, हवं तेव्हा कठड्याला रेलून उभे राहा, हाफटाइमला आपली टीम ज्या गोलवर चढाई करणार त्या बाजूला चालत जा. गोलकीपर बचावफळीवर ओरडतो ते शब्द न् शब्द ऐकू येतात. पेठेच्या टीममधून खेळलेल्या माणसाला हा फुटबॉल ओळखीचा वाटेल.

तुमच्यासारखाच प्रश्न इथल्या वाचकांनाही पडतो, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. फातोर्ड्याला किंवा अंधेरीला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या मॅचला जाताना फॅन क्लबचे लोक कोणत्या स्टँडमध्ये असतात ते आधी बघा. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये वेस्ट ब्लॉक स्टँडमधले फॅन क्लबवाले उभे राहून गातात हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून आजी-आजोबांना घेऊन कुणी तिथलं तिकीट काढत नाही. वानखेडेवर मागून 'ए, बस खाली!' अशी हाळी आली की माणूस बसतो, कारण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे बसायला उसंत असते. फुटबॉलला ती नसते, हा फरक धरून चला.

पुढच्या मॅचला तरीही त्याच रांगेत बसायची वेळ आलीच, तर बोलणं मॅचच्या आधी करा. लोक सीटवर येऊन चहाचा कप हातात घेऊन उभे असतात, तेव्हा सगळे माणसात असतात. 'माझे वडील भारतातून आलेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना उभं राहता येत नाही' एवढं सांगा आणि काहीतरी करता येण्यासारखं मागा: पुढच्या रांगेच्या टोकाशी कुणी सीट बदलून देईल का? 'बसा' या मागणीला नकार देणारा माणूस अशा मागणीला हो म्हणतो, असं पुष्कळदा होतं. जागा बदलण्याआधी स्टुअर्डला मात्र कल्पना द्या. खेळ ऐन रंगात असताना मागून खांद्यावर हात ठेवून काही सांगू नका, तेव्हा कुणीच कुणाचं ऐकत नाही.

सीझन तिकीट सोडू नका. ती सीट तुमची स्वतःची आहे, तुम्हाला तिथं उभं राहून गायला आवडत असेल तर खुशाल गा, त्यात वडिलांशी प्रतारणा नाही. ते असतील त्या मॅचला तुमची सीट क्लबच्या अधिकृत व्यवस्थेतून परत विकायला टाका आणि दोघांची जोडीनं दुसरीकडे घ्या. गोलमागून कायमचं हलावंसं वाटलं तर सीझन संपताना सीट बदलायची मुदत असते, तेव्हा हला.

तक्रार कराच, पण त्या तरुणाविरुद्ध करू नका. क्लबला आणि प्रेक्षकांशी संपर्क ठेवणाऱ्या त्यांच्या अधिकाऱ्याला लिहा, प्रत तिथल्या स्वतंत्र सपोर्टर ट्रस्टला, म्हणजे प्रेक्षकांच्या स्वतःच्या संघटनेला, द्या. तारीख, ब्लॉक, रांग, सीट नंबर. वडिलांचं वय आणि ऑपरेशन. सीट विकताना 'या ब्लॉकमध्ये प्रेक्षक सतत उभे असतात' अशी सूचना वेबसाइटवर होती का, नसेल तर ती टाकावी, ही मागणी. या ब्लॉकसाठी रेल सीटचा विचार चालू आहे का, हा प्रश्न. आणि पत्राच्या अगदी पहिल्या ओळीत वडिलांची परतीच्या विमानाची तारीख लिहा, म्हणजे उत्तर आणि तिकिटं ते तिथं असेपर्यंत यायला हवीत हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.